लाल रंगाचा अर्थ

त्या हिवाळ्यात कृष्णनाथ गांवकरांनी सगुणच्या चहाच्या दुकानावरून जाणं सोडून दिलं. बाजारात जायचं झालं तर ते घरामागच्या पोफळींच्या कुळागरात उतरत, पाटाच्या कडेकडेने लांबचा वळसा घेत आणि दुकान मागे पडल्यावरच डिचोलीच्या रस्त्याला लागत. गवतावरच्या दंवाने पँट घोट्यापर्यंत भिजे. वाटेत कुणी विचारलंच, तर गुडघ्याला चालणं बरं असतं, असं काहीतरी पुटपुटत. खरं कारण सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्यांना पाटाच्या कडेलाही कुणी भेटू नये असं वाटायचं.

कृष्णनाथ मूळचे खाणीवरचे. ट्रक भरायच्या जागेवर ते सुपरवायझर होते. त्यांनी हात वर केला की ट्रक थांबायचा, हलवला की पुढे सरकायचा, आणि कुणाचा नंबर आधी, कुणाचा नंतर हे त्यांच्या तोंडून ठरायचं. रांगेतले ड्रायव्हर त्यांना 'कृष्णनाथबाब' म्हणत. दोन हजार बारा साली खाणी बंद पडल्या. ट्रक परसात ताडपत्रीखाली गेले, आणि कृष्णनाथ सगुणच्या दुकानातल्या बांकावर. तिथेही बोलणं त्यांचंच चाले. सवय सुटत नव्हती. ऐकणारेही जुनेच होते, त्यांचीही ऐकायची सवय सुटली नव्हती.

बायको चंद्रावती पेडण्याची, धारगळची. लग्न होऊन आली तेव्हापासून घर, परसातली भाजी, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं यांतच तिची वर्षं गेली. ती कमी बोले. कृष्णनाथांना वाटायचं, बोलण्यासारखं तिच्यापाशी काही नसावं. तसं ते चारचौघांत म्हणतही. त्यात आपण काही वाईट बोलतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खाणी बंद होऊन वर्ष उलटून गेलं असेल. देवळाच्या सभामंडपात पणजीहून एक बाई आली. डॉक्टर तेजस्विनी तिचं नाव, माणूस कुडाळकडचं. ती मेंदूचा अभ्यास करत होती. वाद्य कधीच हातात न धरलेला माणूस मोठ्या वयात पहिल्यांदा वाजवायला शिकतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काय चालतं, हे तिला पाहायचं होतं. पन्नाशी ओलांडलेली माणसं हवी होती. भजनाला पेटी वाजवणारे विठ्ठल मास्तर शिकवणार होते आणि सरावाला प्रत्येक घरी एकेक पेटी मिळणार होती. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मेंदूची नोंद घ्यायची, एवढंच.

"काय टोचतात बिचतात काय?" कुणीतरी विचारलं. तेजस्विनी हसून नाही म्हणाली. डोक्यावर टोपी घालायची, बस्स.

कृष्णनाथांनी लगेच नाव दिलं. दिवस जाता जात नव्हता, हे कारण होतंच. शिवाय जमलेल्या लोकांत पहिलं नाव आपलं असावं, हेही होतं. बायका कमी पडताहेत असं तेजस्विनी म्हणाली, तेव्हा त्यांनी चंद्रावतीचंही नाव सांगून टाकलं. तिला विचारलं नाही. घरी येऊन म्हणाले, "तुझा नाव घातलंय. भरतीक कोण तरी होया होता."

ती तांदूळ निवडत होती. तिने मान हलवली.

पहिल्या नोंदीच्या दिवशी शाळेच्या एका खोलीत यंत्र मांडलं होतं. टोपी पोहायला घालतात तशी, अंगभर गोल बटणं, आणि प्रत्येक बटणातून निघालेली बारीक तार. बटणाखाली थंड, चिकट मलम भरायचं. डोक्याला तेल चालणार नाही, असं आधीच सांगितलं होतं. चंद्रावतीने सकाळी शिकेकाईने केस धुतले होते, पण परक्या माणसांसमोर अंबाडा सोडायची वेळ आली तेव्हा ती इतकी संकोचली की तेजस्विनीने खोलीतल्या सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. कृष्णनाथ बाहेर उभे राहून सांगत होते, "आमच्याकडे सगळ्यालाच लाज."

आधी स्वस्थ बसायचं. मग हात मांडीवर ठेवून पेटीवरची एक साधी चाल नुसती ऐकायची. शेवटी तीच चाल उजव्या हाताने वाजवून पाहायची. पडद्यावर रेघा थरथरत, आणि त्या रेघांतून पुढे एक चित्र तयार होई. वरून पाहिलेलं डोकं, नाकाच्या जागी छोटासा कोन, आणि आत रंग. कुठे निळा, कुठे पिवळा, कुठे लाल. पहिल्या खेपेला सगळ्यांचीच डोकी लालपिवळी आली. नवशिक्यांचं असंच असायचं, असं तेजस्विनी म्हणाली. ते वाक्य कृष्णनाथांनी ऐकलं होतं. पुढे त्यांना ते पुन्हा पुन्हा आठवलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं याचीच जास्त लाज वाटली.

शिकवणी सुरू झाली. विठ्ठल मास्तर शांत माणूस. बोट चुकलं तर काही न बोलता स्वतःच्या पेटीवर तेवढाच तुकडा वाजवून दाखवत. कृष्णनाथांना ते पसंत नव्हतं. त्यांना चूक तोंडाने सांगितलेली हवी असे, म्हणजे तिच्यावर वाद घालता येई. भाता हलवायला डावा हात आणि सुरांना उजवा, या दोघांचं त्यांच्याकडे जमेना. सुरांकडे बघितलं की भाता थांबे, भात्याकडे लक्ष गेलं की बोटं भलतीकडे पडत. मग पेटीच जुनी आहे, सूर दबलाय, असं ते म्हणत. घरी बसले की थोड्याच वेळात कंटाळत आणि चप्पल घालून दुकानाकडे निघत.

ते गेले की चंद्रावती पेटी ओढून घेई. दुपारी वाडा झोपलेला असे. खिडकी लावून घेऊन ती एकच तुकडा वाजवत राही. चुकला की मागे जाई, पुन्हा धरी. कदंबच्या बसमधून माहेरी जाताना तिची बोटं मांडीवर चालत. पीठ मळून झालं की परातीच्या काठावर चालत. कृष्णनाथांनी हे पाहिलं नव्हतं असं नाही. बाईमाणसाचा काहीतरी चाळा, असं समजून त्यांनी सोडून दिलं होतं.

दुसरी नोंद गणपती झाल्यावर झाली. या वेळी तेजस्विनीने प्रत्येकाला त्याची दोन्ही चित्रं शेजारीशेजारी दाखवली. कृष्णनाथांच्या दुसऱ्या चित्रात कपाळाकडचा भाग पहिल्यापेक्षाही लाल होता. चंद्रावतीच्या चित्रातला तिथला लाल रंग गेला होता. पुढचं सगळं निळसर आणि शांत, मध्ये कानांच्या वर तेवढे पिवळट ठिपके.

"लाल म्हणजे तिथे काम चाललंय ना?" कृष्णनाथांनी विचारलं.

"हो, खूप काम चाललंय," तेजस्विनी म्हणाली. कुणाच्या तरी टोपीतली तार निसटली होती म्हणून ती तिकडे वळली. "थांबा हां, मी नीट सांगते," असंही म्हणाली. कृष्णनाथ थांबले नाहीत. त्यांना हवं ते मिळालं होतं.

त्या संध्याकाळी सगुणच्या दुकानात ते रंगात आले. असली यंत्रं खोटं बोलत नाहीत, म्हणाले. खाणीवर एवढे ट्रक डोक्यात ठेवून हलवायचे म्हणजे काय खायचं काम आहे, ते आता चित्रात उतरलंय, म्हणाले. आणि मग म्हणाले, "माझा डोका म्हणजे पेटलेलो होम. आमच्या घरकारणीचा बघितलास तर निळाशार. चूल विझलेली."

दुकान हसलं. जयराम नावाचा त्यांच्याच खाणीवरचा जुना ड्रायव्हर होता, त्याला तर ठसकाच लागला. कृष्णनाथांना हसू मिळालं की थांबता येत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या समोर त्यांनाच सांगितलं. हळूहळू चूल विझल्याची गोष्ट वाडाभर फिरली, देवळाच्या तळीवर कपडे धुणाऱ्या बायकांपर्यंत गेली. तिथे कुणीतरी चंद्रावतीला अगदी काळजीने विचारलं, डोकं डॉक्टरला दाखवलंत की नाही?

तिने घरी काही काढलं नाही. पेटीला मात्र हात लावेनाशी झाली. पेटीवर कापड घालून ती कोपऱ्यात सरकवून ठेवली. कृष्णनाथांना ते दिसलं आणि वाटलं, कंटाळली असेल.

पुढच्या शिकवणीला ती तेजस्विनीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, की तिचं नाव काढून टाकावं. मेंदू झोपत चाललाय असं कळलंय, तर तिच्यामुळे बाईंचा अभ्यास बिघडायला नको. तेजस्विनीला आधी समजेचना. समजलं तेव्हा तिने चंद्रावतीचे दोन्ही हात धरून तिला खाली बसवलं. हे कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. चंद्रावतीने नाव घेतलं नाही. लोक म्हणतात, एवढंच म्हणाली.

तेजस्विनीने मग रविवारी सगळ्यांना सभामंडपात बोलावलं. शिकणारे तर आलेच, त्यांच्याबरोबर निम्मा वाडा आला. सगुणही दुकान बंद करून आला. भिंतीवर पांढरी चादर लावून तिने चित्रं दाखवली. कृष्णनाथ पुढच्या रांगेत, हाताची घडी घालून बसले होते. चंद्रावती बायकांच्या बाजूला खांबाजवळ होती.

"आधी माझी चूक सांगते," तेजस्विनी म्हणाली. "चित्रं दाखवली, पण वाचायची कशी ते मी नीट सांगितलं नाही. त्यामुळे कुणाच्या तरी मनाला त्रास झालाय."

मग तिने नाव न घेता दोन डोकी दाखवली. समोरचा हा भाग आहे ना, म्हणाली, तो लक्ष ठेवतो, चुका पकडतो, बोटाला सांगतो की आता इथे, आता तिथे. नवशिक्याला तो सारखा राबवावा लागतो, म्हणून तिथे लाल. हात बसत गेला की त्याचं काम कमी होतं, तो शांत होतो. सायकल शिकताना जीव मुठीत धरून हँडल पकडतो, आणि पुढे बोलत बोलत चालवतो, तसंच. ती पुढे म्हणाली की ही परीक्षा नाही, कुणाचं उशिरा होतं, कुणाचं वेगळ्या तऱ्हेने होतं, आणि आपली माणसं थोडी आहेत, त्यामुळे एवढ्यावरून सगळ्या जगाचं सांगता येणार नाही. पण पुढच्या भागातला लाल रंग हुशारीचा नाही, ती मेहनत आहे. आणि इथला निळा झोपेचा नाही.

कृष्णनाथांच्या घडी घातलेल्या हातांची बोटं दंडात रुतली. आता हसतील, असं त्यांना वाटलं. कुणी हसलं नाही. मागे कुणी खाकरलंसुद्धा नाही. सगुण शेजारीच होता, तो चादरीकडे बघत राहिला. हसले असते तर बरं झालं असतं. उलट काहीतरी बोलता आलं असतं.

तेजस्विनीने आणखी एक चित्र लावलं. हे वाजवतानाचं नाही, नुसतं ऐकतानाचं, म्हणाली. हात मांडीवर स्वस्थ आहेत, चाल कानांवर पडतेय, आणि तरी बघा, हात हलवणारा भाग जागा झालाय. ऐकता ऐकता मेंदू आतल्या आत वाजवतोय. "हे कुणाचं ते सांगू का?" असं तिने बायकांच्या बाजूला बघून विचारलं. चंद्रावतीने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मान किंचित हलवून होकार दिला.

विठ्ठल मास्तरांनी पेटी तिच्याकडे सरकवली. मग तिने भाता हलवला आणि चाल धरली. मध्ये एकदा बोट घसरलं, तिने ते सावरून घेतलं आणि चाल शेवटापर्यंत नेली. कृष्णनाथ मान खाली घालून ऐकत होते. एकाच घरात, एकाच पेटीवर शिकून त्यांनी ही चाल तिच्या हातून अखंड कधी ऐकली नव्हती. वाजवायला ती त्यांच्या बाहेर जाण्याची वाट बघत होती, हे त्यांना तिथे, सगळ्यांच्या मध्ये बसलेले असताना कळलं. कानशिलं इतकी तापली की देवळाबाहेर पडल्यावर त्यांनी तळीचं पाणी तोंडावर मारलं.

तेव्हापासून त्यांची वाट कुळागरातून जाऊ लागली.

घरी चंद्रावती होती तशीच होती. वेळेवर चहा, वेळेवर जेवण. तिने रुसवा धरला असता तर कृष्णनाथांना तो काढता आला असता. ते आपण होऊन पोदेराकडून उंडे पाव आणू लागले, बाजारातून तिच्या आवडीचे शेवटे मासे आणले, विहिरीचा पंप बिघडला होता तो दुरुस्त करून घेतला. ती उंडे डब्यात ठेवी, मासे साफ करी. पेटीवरचं कापड काढून ती आता पुन्हा वाजवत होती, ते घरात असतानाही. ते बाहेर सोप्यावर बसून ऐकत आणि आत जायचं धैर्य होत नसे. आपल्याच घरात आपण परक्यासारखे बसलोय, आणि तसं बसायला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही, असं त्यांच्या मनात येई. मग जुन्या गोष्टी आठवत. तिने एकदा स्कूटर शिकायचं मनावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी ती कुंपणात गेली, आणि ते पोट धरून हसले होते, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं. त्यानंतर तिने स्कूटरचं नाव काढलं नाही. त्यांना तेव्हा वाटलं होतं, तिला जमण्यासारखं नव्हतं.

एका सकाळी ती चुलीपाशी असताना ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझा चुकला."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दुकानार बोललात ता दुकानार जाऊन सांगा. हय चुलीकडे सांगान काय उपयोग?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने त्यांना काही करायला सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते हो म्हणाले. पण हो म्हणणं सोपं होतं. किती सकाळी ते चप्पल घालून निघाले आणि फाट्यावरून मागे फिरून कुळागराकडे वळले. दुकानातल्या बांकावर कोण कोण असेल ते डोळ्यांसमोर येई, आणि पाय परस्पर वळत. एवढ्या ट्रकांना ज्याने हात दाखवून थांबवलं त्या माणसाला दहा पावलं सरळ चालवत नाहीत, हे बघून त्यांना स्वतःचीच किळस येई.

शेवटी एका सोमवारी ते गेले. दुकान भरलेलं होतं. सगुणने त्यांना पाहून काही न विचारता पेला विसळला. कृष्णनाथ बसले नाहीत. बसलो तर बोलणं होणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"चंद्रावतीच्या डोक्याबद्दल मी हय बसान जा काय बोललंय, ता खोटा," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ती शिकली, म्हणून तसा दिसला. माका येणा नाय, म्हणून माझा लाल."

एकाने पाव चहात बुडवला तो तसाच धरून ठेवला. मग जयरामने विचारलं, "मगे आता तरी तुझा लाल गेला काय नाय?"

"नाय," कृष्णनाथ म्हणाले.

या वेळी दुकान हसलं. ते हसणं त्यांना लागलं, आणि लागायलाच हवं होतं असंही वाटलं. सगुणने चहा पुढे केला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला आणि ते सरळ रस्त्याने घरी आले.

चंद्रावतीने विचारलं नाही. बहुधा तिच्यापर्यंत आधीच पोचलं असावं, तळीवरच्या बायकांना असल्या बातम्या पोचायला वेळ लागत नाही. दुपारी ती पेटीवर बसली तेव्हा त्यांना म्हणाली, "तुमचा खय अडता ता दाखवा." ते बसले. जिथे अडायचं तिथे अडले. तिने विठ्ठल मास्तरांसारखाच तेवढा तुकडा वाजवून दाखवला. पुन्हा चुकलं, तिने पुन्हा दाखवला. तिच्या वागण्यात ना राग होता ना कौतुक. आपण तिच्या जागी असतो तर आतापर्यंत काय काय बोललो असतो, हे त्यांच्या मनात येत होतं, आणि बोटं आणखीच गोंधळत होती.

शेवटच्या नोंदीत त्यांचा लाल रंग थोडासा उतरला होता. तेजस्विनीने ते आनंदाने दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि हे बाहेर कुणाला सांगू नका, अशी विनंती केली. पेट्या परत गेल्या. चंद्रावतीला विठ्ठल मास्तरांनी आपली जुनी पेटी वापरायला दिली, आणि पुढे बायकांच्या भजनाला तीच बसू लागली. खाणी मध्ये काही काळ सुरू झाल्या, कृष्णनाथांना बोलावणं आलं, ते गेले. खाणी पुन्हा बंद झाल्या तसे घरी आले. बांकावर बसत, पण बोलणं इतरांकडे गेलं होतं. बायकोचा विषय निघाला की ते पेल्यात बघत.

एकदा धारगळला तिच्या माहेरच्या देवळात भजन होतं. पेटी गाडीतून उतरवून मंडपात न्यायचं काम कृष्णनाथांकडेच असे. पेटी ठेवून ते मागे खांबाला टेकून बसले. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने विचारलं, पेटी आणलीत, म्हणजे तुम्हीही वाजवता वाटतं? कृष्णनाथांच्या कानशिलांना तीच जुनी धग लागली. पुढे चंद्रावतीने भाता उघडला होता.

"शिकतंय," ते म्हणाले.